गाडीतले पाणी जाते कुठे? जुन्या मोटारीचा जमाखर्च



गेल्या काही आठवड्यांत दोघा-तिघा वाचकांनी एकच प्रश्न विचारला. "आमच्या गाडीत रोज सकाळी पाणी कमी होते, खाली तर एक थेंबही दिसत नाही. मेकॅनिक म्हणतो, इंजिन उघडावे लागेल. काय करावे?" या सदरात आपण रेशनकार्डापासून फंडाच्या फॉर्मपर्यंत अनेक विषय घेतले. मग मोटारीचा का नको? आज आपल्या वस्त्यांतून दारात एखादी जुनी गाडी उभी असणे ही नवलाची गोष्ट राहिलेली नाही. ती बहुधा सेकंडहँड असते, घराण्यातली पहिलीच असते, आणि कुणाच्या तरी निवृत्तीच्या पैशातून किंवा सोसायटीच्या कर्जातून आलेली असते. तिच्यावर म्हाताऱ्या आईला दवाखान्यात नेणे असते, मुलीच्या परीक्षेचे केंद्र असते, काही घरांत तर रोजची भाकरीही असते. अशा गाडीचे इंजिन पाण्यावाचून तापून बसले तर दुरुस्तीचे बिल गाडीच्या किमतीच्या निम्म्यावर जाते. ते पैसे कुठल्या डब्यातून निघतात, हे आपल्या घरांना सांगायला नको.

आम्ही मेकॅनिक नाही. आम्ही हिशेबाच्या टेबलावर बसणारी माणसे. पण या प्रश्नाला हिशेबाचीच नजर लागते. जमेला पाणी किती, शिल्लक किती आणि फरक कुठे खर्ची पडला, एवढेच शोधायचे असते. पाणी जादूने नाहीसे होत नाही. वहीत जो फरक दिसतो, त्याची नोंद कुठेतरी असतेच.

कुकर आणि होडी

आधी यंत्रणा समजून घेऊ. पेट्रोल जळून जी उष्णता निर्माण होते तिच्यातला लहान वाटाच चाके फिरवण्याच्या कामी येतो. बराच भाग धुराबरोबर जातो आणि ढोबळ मानाने एक तृतीयांश भाग इंजिनाभोवती फिरणाऱ्या पाण्याला वाहून न्यावा लागतो. वॉटर पंप हे पाणी फिरवतो, रेडिएटरच्या बारीक नळ्यांत ते वाऱ्याने थंड होते आणि पुन्हा इंजिनात जाते. मध्ये थर्मोस्टॅट नावाचा एक वॉल्व्ह असतो. इंजिन थंड असताना तो बंद राहतो आणि बहुतेक गाड्यांत ८२ ते ८८ अंश सेल्सिअसच्या सुमारास उघडू लागतो.

दिवाळ्याच्या खाडीवर गेलात तर होडीच्या बाजूने पाण्याची धार पडताना दिसेल. बऱ्याच होड्यांचे इंजिन खाडीचेच पाणी आत घेऊन थंड होते आणि तापलेले पाणी परत खाडीत जाते. धार थांबली की कोळी बांधव बाकी सगळे सोडून आधी तिकडे पाहतो. होडीला आख्खी खाडी मिळते. मारुती ८०० सारख्या लहान गाडीला मात्र साडेतीन-चार लिटरच पाणी मिळते आणि तेच फिरून फिरून वापरायचे असते. म्हणून त्यातले अर्धा लिटर गेले तरी ती मोठी तूट आहे.

दुसरा दाखला स्वयंपाकघरातला. रेडिएटरचे झाकण म्हणजे कुकरचे झाकण आणि शिटी, दोन्ही एकत्र. समुद्रसपाटीला उघड्या भांड्यात पाणी १०० अंशांना उकळते. झाकणावर ०.९ असा आकडा असेल, तर ते चौरस सेंटिमीटरला सुमारे ०.९ किलोचा दाब धरून ठेवते. त्या दाबाखाली साधे पाणी ११८ अंशांच्या आसपास उकळते. झाकणाचे रबर कडक झाले, चिरले, की दाब टिकत नाही. मग जे पाणी शांत राहायला हवे तेच उकळून बाहेर पडते. शिटी सैल झाली की कुकरमधली डाळ शिजत नाही, हे भगिनींना आम्ही काय सांगावे!

त्या झाकणाला आणखी एक काम असते. पाणी तापले की फुगते. ३० अंशांवरून ९० अंशांवर जाताना ते सुमारे तीन टक्क्यांनी वाढते. म्हणजे साडेतीन लिटरमागे जेमतेम एक छोटा कप, १०० मिलिलिटरच्या थोडे वर. हे जादा पाणी झाकणातून बारीक नळीने बाजूच्या प्लास्टिकच्या बाटलीत जाते. रात्री इंजिन थंड झाले की तेच पाणी झाकणाच्या मधल्या छोट्या वॉल्व्हमधून परत आत ओढले जाते. संध्याकाळी उसने दिले, सकाळी परत घेतले, असा हा रोजचा व्यवहार आहे.

दिवाळ्यातील एक उदाहरण

आमच्या परिचयाचे एक बंधू दिवाळ्याजवळ राहतात. त्यांच्याकडे २००८ सालची मारुती ८०० आहे, पासिंग त्रेचाळीसचे. हे मॉडेल १९८३ च्या डिसेंबरात रस्त्यावर आले आणि २०१४ च्या जानेवारीत त्याचे उत्पादन थांबले. तरी अशा गाड्या अजून पुष्कळ आहेत. पंधरा वर्षे झाल्यावर बंधूंनी आरटीओत तपासणी करून नोंदणी पुढे पाच वर्षे वाढवून घेतली. गाडी चांगली चालत होती. फक्त रेडिएटर रोज सकाळी कपभर पाणी मागत होता.

पहिल्या मेकॅनिकने वॉटर पंप आणि पट्टा बदलला. चार हजारांच्या आसपास गेले, पाणी मात्र जातच राहिले. दुसऱ्याने बॉनेट उघडून पाहिले आणि सांगितले, "गॅस्केट गेले, हेड उतरवावे लागेल." मुलीच्या नर्सिंगच्या प्रवेशासाठी बाजूला ठेवलेल्या रकमेला हात लावायची वेळ आली. तेव्हा बंधू वही घेऊन आमच्याकडे आले.

आठ दिवस आम्ही त्यांना काहीही दुरुस्त करू दिले नाही, फक्त लिहायला लावले. तारीख, किलोमीटर, सकाळी थंड गाडीत किती पाणी घातले, बाटलीत पातळी कुठे आहे, काटा किती चढला, एसी चालू होता का. आठ दिवसांनी वही बोलू लागली. रोज सुमारे १०० मिलिलिटर पाणी लागत होते, ना कमी ना जास्त. लांब पल्ला झाला तरी तेवढेच, बाजारापर्यंत जाऊन आले तरी तेवढेच. काटा कधीच मध्याच्या वर गेला नव्हता. तेल स्वच्छ होते. गाडीखाली पसरलेला पुठ्ठा कोरडा होता. बाटली मात्र रोज गळ्यापर्यंत भरलेली! आणि सकाळी वरचा होज पाइप आत ओढल्यासारखा चपटा दिसे. झाकण उघडताच फुस्स करून हवा आत जाई.

आता हा हिशेब जुळवून पाहा. तापल्यावर १०० मिलिलिटर पाणी बाटलीत जात होते. झाकणातला परतीचा छोटा वॉल्व्ह गंजून चिकटला होता, म्हणून ते परत येत नव्हते. बंधू रोज सकाळी रेडिएटर काठोकाठ भरत. बाटली आधीच भरलेली, त्यामुळे दुसऱ्या दिवशीचे जादा पाणी चालत्या गाडीतून रस्त्यावर सांडे. म्हणून दारात थेंब दिसत नव्हता. हेड गॅस्केट फुटले असते तर पाणी रोज असे मोजून गेले नसते. धावण्याप्रमाणे तूट वाढत गेली असती. झाकण बदलले, दोन-अडीचशे रुपयांत काम झाले. नर्सिंगच्या प्रवेशाची रक्कम जागच्या जागी राहिली.

यातून एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. बाटली भरलेली आहे म्हणजे रेडिएटर भरलेला आहे, असे नव्हे. बाटली हे उसनवारीचे खाते आहे, मूळ शिल्लक रेडिएटरमध्ये पाहावी. आणि ती पाहायची फक्त गाडी पूर्ण थंड असताना.

गळती बाहेरची की आतली?

प्रत्येक गाडीची गोष्ट झाकणावर संपत नाही. तपासाचा क्रम असा ठेवावा.

रात्री गाडीखाली स्वच्छ पुठ्ठा पसरावा. सकाळी डाग कुठे पडला ते पाहावे. पुढे मध्यभागी असेल तर रेडिएटर किंवा खालचा होज पाइप. इंजिनाच्या पट्ट्याच्या बाजूला असेल तर वॉटर पंप. पंपाला खाली एक बारीक भोक मुद्दाम ठेवलेले असते. आतले सील गेले की तिथून पाणी ठिबकते, तीच पंपाची तक्रार समजावी. इंजिनाच्या अंगावर पत्र्याच्या गोल वाट्या ठोकलेल्या असतात, त्याही गंजून झिरपतात. आपल्याकडे खाडीचा खारा वारा असल्याने होजच्या क्लिपा लवकर गंजतात, त्या पाहाव्यात. गाडीच्या आत डाव्या पायाखालचा गालिचा ओला असेल, काचेच्या आतल्या बाजूला चिकट वाफ धरत असेल, तर हीटरची जाळी गळते आहे.

येथे एक खुलासा. आपल्या दमट हवेत एसी चालवला की गाडीखाली पाणी पडतेच. ते स्वच्छ असते, बोटांना बुळबुळीत लागत नाही. त्याला घाबरू नये. कूलंट रंगीत असतो आणि बोटांना निसरडा लागतो. मात्र कुणी सांगितले तरी तो चाखून पाहू नये. कारण पुढे येईल.

डाग कुठेच नाही आणि झाकणही नवे, तरी पाणी जाते, तेव्हा आतल्या गळतीचा विचार करावा. तिच्या खुणा अशा. गाडी पुरती तापल्यावरही सायलेन्सरमधून दाट पांढरा धूर येत राहतो. ऑइलच्या झाकणाखाली आणि काडीवर दुधाच्या चहासारखा थर दिसतो. थंड इंजिन चालू केल्यावर थोड्याच वेळात होज पाइप दगडासारखे कडक होतात. रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येतात. पण नुसत्या झाकणाखालच्या पांढऱ्या थरावरून निकाल देऊ नये. पावसाळ्यात गाडी रोज दोन-तीन किलोमीटरच चालत असेल तर नुसत्या दमटपणानेही तो थर धरतो. काडीवरचे तेलही दुधाळ असेल तर मात्र गाडी चालू करू नये.

हेड उतरवण्याआधी दोन तपासण्या मागाव्यात. एक, प्रेशर टेस्ट. रेडिएटरला हातपंप लावून दाब भरतात आणि तो टिकतो का ते पाहतात. दुसरी, रंग बदलणाऱ्या द्रवाची. रेडिएटरच्या तोंडावरची हवा त्या द्रवातून ओढतात. तिच्यात इंजिनातला जळका वायू असेल तर द्रवाचा रंग बदलतो. या दोन्ही तपासण्यांना लागणारा खर्च हेड उतरवण्याच्या खर्चापुढे किरकोळ आहे.

काटा कधी चढतो, ते लिहा

पाणी पुरेसे असूनही गाडी तापते, ही वेगळी तक्रार. येथे "कधी तापते" या प्रश्नात निम्मे उत्तर असते.

सिग्नलला, गर्दीत तापते आणि महामार्गावर पळताना काटा खाली येतो, तर संशय पंख्यावर. जुन्या पद्मिनी आणि अॅम्बॅसेडरचा पंखा पट्ट्यावर फिरे. मारुतीपासूनचे पंखे विजेवर चालतात. त्यांचा फ्यूज, रिले, सेन्सर आणि मोटर यांपैकी काहीही जाऊ शकते. उभी गाडी चालू ठेवून काटा मध्याच्या थोडा वर गेला तरी पंखा सुरू होत नसेल तर तिथेच पाहावे. तेव्हा बोटे दूर ठेवावीत, कारण हा पंखा न सांगता सुरू होतो.

उलट, गर्दीत ठीक पण चढावर किंवा वेगात तापते, तर रेडिएटर आतून चोंदला आहे किंवा बाहेरून त्याच्या जाळीत माती, किडे, पिशव्यांचे तुकडे अडकले आहेत. गाडी सुरू केल्यावर काही मिनिटांतच काटा लाल रेघेकडे जातो आणि वरचा पाइप तापलेला पण खालचा थंडच, तर थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकल्याचा संशय घ्यावा. बॅटरीचा लाल दिवा लागला आणि पाठोपाठ काटा चढला, तर बहुतेक जुन्या गाड्यांत पट्टा तुटलेला असतो. त्याच पट्ट्यावर डायनामो आणि वॉटर पंप दोन्ही चालतात. अशी गाडी पुढे एक फर्लांगही रेटू नये.

आणखी एक सावधगिरी. पाणी जवळजवळ संपले की सेन्सर कोरडा पडतो आणि चढलेला काटा एकदम खाली येतो. लोक सुटकेचा श्वास टाकतात. वास्तविक ती शेवटची सूचना असते.

घाटात काय करावे?

आपल्याकडून पुण्याकडे निघाले की खोपोलीनंतर बोरघाट लागतो. खंडाळ्यापर्यंत रस्ता सुमारे ५०० मीटर वर चढतो. लग्नसराईत, भर उन्हात, पाच माणसे आणि डिकीत आहेराची भांडी घेऊन जुनी गाडी येथेच दमते. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सी गेली. बॉनेट उघडून, हातात पाण्याची बाटली घेऊन कडेला उभे असलेले तिचे चालक ज्येष्ठ वाचकांना आठवतील. त्यांचा एक नियम होता, घाईने झाकणाला हात लावायचा नाही.

काटा चढू लागला की आधी एसी बंद करावा. काचा खाली करून हीटर पूर्ण चालू करावा. उकाडा सोसावा लागेल, पण हीटर म्हणजे दुसरा छोटा रेडिएटरच आहे. गिअर खालचा घ्यावा आणि इंजिन रेटू नये. काटा तरीही लाल रेघेला टेकला किंवा वाफ दिसली, तर सुरक्षित जागी कडेला घेऊन इंजिन ताबडतोब बंद करावे. मुले व वृद्ध यांना रस्त्यापासून दूर, कठड्यापलीकडे उभे करावे. निदान पाऊण तास थांबावे. तापलेले झाकण उघडले की दाबाखालचे पाणी क्षणात उकळून तोंडावर येते. चेहरा आणि डोळे भाजतात. थंड झाल्यावरही जाड फडक्याने झाकण पाव वळसा फिरवावे, दाब जाऊ द्यावा, मगच काढावे. लाल झालेल्या इंजिनात गार पाणी ओतू नये. बहुतेक गाड्यांचे हेड अॅल्युमिनियमचे असते, ते वाकते किंवा तडकते. मग झाकणाचे काम होते ते हेडचे होऊन बसते.

पाणी की कूलंट?

अडीअडचणीला साधे पाणी घालावे, पण तेच कायम ठेवू नये. नळाच्या पाण्यातले क्षार आत थर धरतात, लोखंड गंजते, पंपाची पाती झिजतात. बोअरवेलचे पाणी तर टाळावेच. कूलंट हा थंडीच्या मुलखापुरताच आहे, असा समज आहे. तो खरा नाही. कूलंटमध्ये गंज रोखणारी द्रव्ये असतात आणि त्याने उकळण्याचा बिंदूही वाढतो. डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात तो मिसळावा आणि मिसळायला दुकानात मिळणारे बॅटरीचे पाणी घ्यावे. भरल्यावर आतली हवा निघेपर्यंत इंजिन चालवून पुन्हा पातळी पाहावी. अडकलेल्या हवेनेही गाडी तापते.

रेडिएटर झिरपला की त्यात हळद टाकण्याची युक्ती जुने ड्रायव्हर सांगतात. बारीक भोक तिने काही काळ बुजते आणि माणूस घरी पोहोचतो. पण तीच हळद रेडिएटरच्या आणि हीटरच्या बारीक नळ्याही बुजवते. घरी पोहोचलात की भोकाची खरी दुरुस्ती करा आणि रेडिएटर धुऊन घ्या. तसेच "थर्मोस्टॅट काढून टाकू, गाडी तापणार नाही" हा सल्लाही मानू नये. इंजिन थंडच राहते, पेट्रोल जास्त खाते, तेल लवकर खराब होते आणि मूळ दोष झाकला जातो.

आता भगिनींसाठी महत्त्वाचे. बहुतेक कूलंटमध्ये एथिलीन ग्लायकोल असते. ते चवीला गोड आणि विषारी आहे. थोडेही पोटात गेले तरी मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. उरलेला कूलंट सरबताच्या किंवा पाण्याच्या बाटलीत कधीही ठेवू नये. हिरवे-गुलाबी पाणी पाहून मूल ते तोंडाला लावते. मूळ डब्यातच, उंच जागी ठेवावा. जमिनीवर सांडलेला लगेच धुवावा, कुत्री-मांजरेही तो चाटतात. चुकून कुणी प्यायले तर घरगुती उपाय करत न बसता डबा बरोबर घेऊन थेट इस्पितळ गाठावे.

मेकॅनिकशी बोलताना

गॅरेजमधला मुलगाही आपल्यासारख्याच घरातला असतो. त्याच्यावर खेकसू नये आणि त्याच्यासमोर मान खाली घालूनही उभे राहू नये. "पाणी जाते" एवढेच सांगितले तर तो अंदाजाने भाग बदलणार. वही दाखवून "रोज इतके जाते, अमुक वेळी जाते, पुठ्ठा कोरडा आहे" असे सांगितले तर तोही विचाराला लागतो. कोणता भाग, कोणत्या पुराव्यावरून बदलायचा, हे शांतपणे विचारावे. काढलेला जुना भाग मागून घ्यावा. मोठ्या खर्चाचे काम असेल तर दुसऱ्या जाणकाराला दाखवल्याशिवाय होकार देऊ नये. कारण विचारणे म्हणजे अविश्वास दाखवणे नव्हे. सांगेल ते ऐकून पैसे मोजण्याची सवय आपण ऑफिसात, दवाखान्यात, शाळेत मोडतो आहोत, मग गॅरेजात का ठेवावी?

तेव्हा ज्यांच्या दारात जुनी गाडी आहे त्यांनी आज रात्री तिच्याखाली एक पुठ्ठा सरकवावा, आणि उद्या सकाळी गाडी थंड असताना झाकण उघडून वहीत पहिली ओळ लिहावी. शाळेत जाणाऱ्या मुला-मुलींना जवळ उभे करावे आणि नोंद त्यांच्याच हातून करून घ्यावी.